वेचणाऱ्या हातांनी मांडलेले दुकान

आपल्या घरात मुलगी बारावी पास झाली की एकच विषय निघतो : नोकरी. डी.एड. करावे, नर्सिंग करावे, पोलीस भरतीला उतरावे. यात गैर काही नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, आपण शिकलो आणि नोकरीमुळेच आपल्या दोन पिढ्यांच्या चुली नीट पेटल्या. परंतु आता सरकारी जागा आटल्या, ज्या आहेत त्यांतल्या कितीतरी कंत्राटी झाल्या. तरीही 'पोरी, दुकान टाक' असे आपल्याकडे बाप लेकीला म्हणत नाही. दुकान दुसऱ्याचे आणि आपण त्याचे गिऱ्हाईक, हे जणू ठरूनच गेले आहे. मी २०१२ पासून परभणीत लोकर आणि दोऱ्याचे एक छोटे दुकान चालवते. त्यातले सुखदुःख आपल्या कुटुंबांतील भगिनींपुढे मांडावे, कोणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

लोकर आणि दोराच का, असे मला पुष्कळांनी विचारले. आमच्या घराचा धाग्याशी संबंध जुना आहे, पण तो वेचण्याचा. आपला परभणी जिल्हा कापसाचा. मानवत, सेलू ही कापसाच्या बाजारपेठांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. परभणीला निजामाच्या राजवटीपासून कापसावर संशोधन चालत आले आहे आणि १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठही येथेच आहे. माझ्या आईचे अर्धे आयुष्य याच कापसाच्या ओळींत वाकून गेले. कमरेला ओटी बांधायची, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटे ओरबाडून घ्यायची, आणि दिवस मावळताना मालकाच्या काट्यावर वजन द्यायचे. किलोमागे मजुरी. तो कापूस जिनिंगमध्ये जाई, त्याच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जात, गाठी दूरच्या गिरणीला जात, आणि एक दिवस तोच कापूस दोऱ्याचे रीळ होऊन बाजारात परत येई. आई ते रीळ विकत घेई, आमचे फाटके सांधायला. वेचताना भाव तिच्या हातात नव्हता आणि विकत घेतानाही नव्हता. मधल्या वाटेवर कापसाची किंमत वाढत गेली, पण त्या वाटेवर आपले कोणी बसलेले नव्हते. पुढे स्वतः हिशेब लिहू लागले तेव्हा ही गोष्ट मला नीट उमगली.

विणकाम मी शाळेत शिकले. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या बाईंनी सुलट आणि उलट टाके शिकवले. सुया घ्यायला पैसे नव्हते, म्हणून सायकलच्या चाकाच्या दोन तारा दगडावर घासून मी सुया केल्या होत्या. लग्नानंतर घरी बसून बाळांची टोपडी, मोजे, झबली विणून देऊ लागले. लोकर आणायला बाजारात जावे लागे. त्या वेळच्या एका दुकानात उरलेले सुट्टे पैसे माझ्या हातावर कधी पडले नाहीत. ते नेहमी फळीवर ठेवले जात आणि मी ते उचलून घेत असे. वाईट बोलणे नाही, शिवी नाही. फक्त फळी. मनात पहिल्यांदा दुकानाचा विचार आला तो त्या फळीपाशी.

विचार सोपा, भांडवल अवघड. माझे यजमान एस.टी.त मेकॅनिक. महिन्याच्या पगारात घर, मुलांच्या फिया आणि सासूबाईंचे औषध. आपल्या समाजासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, त्याच्या बीजभांडवल योजनेची माहिती काढली. कागद जमवले : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जागेचे भाडेपत्र, मालाचे कोटेशन. पण योजनेतला मोठा वाटा बँकेने द्यायचा असतो. बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारले, "परभणीच्या उन्हात लोकर कोण घेणार?" मी हिशेब दाखवला. त्यांनी पुढच्या सोमवारी या म्हटले. असे सात सोमवार झाले. शेवटी आमच्या बचत गटाने पंचवीस हजार दिले, यजमानांनी सोसायटीचे कर्ज काढले आणि माझी पाटली मोडली. सत्तर हजारांत आठ बाय दहाचा एक गाळा, लाकडी कप्पे आणि पहिला माल, एवढे जमले.

दुकानाचे नाव काय ठेवायचे यावर घरात चार रात्री चर्चा झाली. आमचे एक नातेवाईक व्यवहारी. ते म्हणाले, "नाव साधे ठेवा. 'न्यू फॅन्सी' वगैरे. आणि फोटो आत ठेवा, पडद्यामागं. धंदा हाय, जाहीर सभा न्हाय." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, त्यांनी जग पाहिले होते. सासूबाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पडद्यामागं ऱ्हायचं व्हतं तर मग बाहीर आलोच कशाला?" विषय तिथेच संपला. पाटीवर रमाईचे नाव आले. बाबासाहेब परदेशात शिकत असताना गोवऱ्या थापून, पोटाला चिमटा घेऊन जिने संसार रेटला, तिच्या नावापेक्षा कष्टाच्या दुकानाला दुसरे नाव कोणते शोभणार? तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर गल्ल्याच्या बरोबर मागे, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. सत्यनारायण नाही, नारळ नाही, उंबऱ्याला लिंबू-मिरची नाही. शेजारच्या विहारातील उपासक-उपासिका आल्या, त्रिशरण-पंचशील झाले, खिरीची वाटी सर्वांना दिली आणि दुकान सुरू झाले.

फोटोची ही गोष्ट मी एवढी लांबवून का सांगते? कारण हा प्रश्न माझा एकटीचा नाही आणि आजचाही नाही. खुद्द बाबासाहेबांनी धंदा करून पाहिला होता. १९१७ साली ते परदेशातून परतले, बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागली, तेव्हा मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस; त्याच्यापेक्षा चांगला सल्ला कोण देणार? गिऱ्हाईक येऊ लागले. पण पेढीचा मालक महार आहे हे कळले आणि येणारे थांबले. पेढी बंद करावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, हे आपण सगळे वाचतो. त्याआधीचे बंद झालेले हे दुकान मात्र आपल्या भाषणांत क्वचित येते. मला ते फार जवळचे वाटते. त्यांचा सल्ला खोटा नव्हता, गिऱ्हाइकाला फक्त आडनाव खुपले. ज्याला अशी झळ लागली त्याच्या तसबिरीखाली बसून मी लोकर विकते, याचे मोल मला कोणत्याही नफ्याहून अधिक आहे.

आता खरे काय घडले ते सांगते. पहिल्या हिवाळ्यात काही बायका आत येत, रंग पाहत, लोकर गालाला लावून मऊपणा पाहत, मग नजर वर तसबिरीकडे जाई आणि "नंतर येते हं" म्हणत. काहीजणी खरोखर नंतर आल्या, काही आल्या नाहीत. कोणी गोड आवाजात विचारी, "ताई, तुमचं गाव कोणतं? आडनाव काय?" मी आडनाव सांगे आणि लगेच विचारी, "किती महिन्यांचं बाळ आहे? शंभर ग्रॅम पुरेल." माझे म्हणणे असे, की उत्तर द्यावे आणि कामाकडे वळावे. भांडणाने गिऱ्हाईक जाते, लपवण्याने आपण जातो. माल चांगला, वजन चोख आणि भाव एकच ठेवला तर बहुतेकांना शेवटी लोकर हवी असते, वंशावळ नव्हे. एका मोठ्या शहरातल्या ठोक व्यापाऱ्याने मात्र आडनाव ऐकून तोंडावर सांगितले, "तुम्हाला रोखीनेच." बाकीच्यांना महिन्याची मुदत होती. दोन वर्षे मी रोखीने माल उचलला. पुढे लुधियानाच्या लोकरीचा दुसरा पुरवठादार मिळाला. त्याने एवढेच विचारले, "सीझनमें कितना निकालोगे?"

धाग्याचा आणि शिवाशिवीचा संबंध किती जुना आहे, हे मला एका पुस्तकाने नव्हे तर विहारातल्या एका व्याख्यानाने कळले. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले हजारो लोक होते, पण त्यांना साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेले सूत आम्हाला चालणार नाही, असे बाकीचे कामगार म्हणत. साचेखात्यात पगार अधिक होता. म्हणजे ओठ लागण्याच्या भीतीपोटी आपल्या माणसांचा घास गेला. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना सांगितले, की ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या. कामगार कामगारालाच शिवत नसेल तर एकी कसली, हा त्यांचा रोकडा सवाल होता. ज्यांचे घराणे कबीरपंथी, आणि ज्यांनी विणकर कबीराला बुद्ध आणि जोतिबांच्या बरोबरीने गुरू मानले, त्यांना सुताची ही अडवणूक किती लागली असेल!

त्या व्याख्यानानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. बाजारपेठेतल्या एका जुन्या घरच्या आजी दुकानात आल्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, गोधडीला जाड दोरा हवा होता. रीळ घेतले आणि सुई माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बाई, एवढी ओवून दे गं. मला दिसत नाही." दोरा ओवताना आपण सगळ्याच जे करतो तेच मी केले : टोक ओठांत धरून ओले केले, चिमटीत पीळ दिला आणि सुईच्या नेढ्यातून काढले. मग एकदम त्या व्याख्यानाची आठवण झाली आणि मी आजींकडे पाहिले. त्यांनीही वर तसबिरीकडे पाहिले होते. सुई घेतली, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाल्या, "अजून दोन ओवून ठेव, संध्याकाळी नातवाला पाठवते." मी दोन ओवून ठेवल्या. जग बदलले असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी रात्री कुलूप लावताना मला हलके वाटत होते.

आता धंद्याच्या अडचणींकडे वळू. बँकेच्या साहेबांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. पण त्याच परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली घसरल्याच्या बातम्या कृषी विद्यापीठाच्या नोंदींवरून अनेकदा येतात. लोकरीचा धंदा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, जेमतेम साडेतीन महिने. उरलेल्या साडेआठ महिन्यांचे भाडे लोकर देत नाही. म्हणून क्रोशाचा दोरा, भरतकामाच्या लच्छी, मॅक्रमचा दोर, शिंप्यांना लागणारे फॉल, अस्तर, बटणे, हूक, लेस असे सर्व ठेवावे लागते. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, तेव्हा जरीचा दोरा आणि लेस जाते. कित्येक मुस्लिम भगिनी माझ्या कायमच्या गिऱ्हाईक आहेत. क्रोशाच्या टोप्या त्यांच्याइतक्या सुबक कोणी विणत नाही. उन्हाळ्यात लग्नसराईचे शिंपीकाम आणि पावसाळ्यात उंदीर. होय, उंदीर! लोकरीचा गुंडा म्हणजे उंदराच्या पिलांची गादीच. पत्र्याच्या पेट्या केल्या तेव्हा कुठे सुटका झाली.

सर्वांत मोठी परीक्षा उधारीची. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची ऊसतोडीची माणसे फडावर निघतात. कोपीत, उघड्या रानात बाळाला थंडी वाजू नये म्हणून आया टोपडी घ्यायला येतात. उचल आधीच खर्च झालेली. "ताई, पट्टा पडला की आणून देते," असे म्हणतात. पहिल्या वर्षी अशी अकरा टोपडी मी वहीत लिहून दिली. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि अकरापैकी दहा बाया पैसे घेऊन आल्या. अकरावीचा नवरा फडावर ट्रॅक्टरखाली जायबंदी झाला होता. तिने दुसऱ्या वर्षी दिले. उलट पगारदार माणसे, स्कूटरवरून येणारी, "आपलंच दुकान आहे" म्हणत जी लोकर नेत, त्यांच्याकडे मला चार-चार चकरा माराव्या लागल्या. 'आपलंच दुकान' याचा अर्थ फुकट नेणे नव्हे, तर रोखीने घेऊन ते टिकवणे होय, हे आपल्या समाजबांधवांनी एकदा मनावर घ्यावे ही विनंती. आपल्या माणसाच्या दुकानात घासाघीस जास्त आणि परक्याच्या दुकानात मुकाट्याने छापील किंमत, ही रीत आपल्या दुकानांना मारते.

वर्षावासात भन्तेजींनी सुत्तांचे वाचन घेतले, तेव्हा मला आश्चर्य वाटले. तथागतांनी केवळ भिक्खूंसाठी नव्हे, माझ्यासारख्या दुकानदारांसाठीही सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायात दुकानदाराचा दृष्टान्त आहे : सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जो आपल्या कामात लक्ष घालत नाही त्याची भरभराट होत नाही, आणि ज्याला मालाची पारख आहे, खरेदी-विक्रीचे कौशल्य आहे आणि ज्याच्यावर भांडवलदारांचा विश्वास आहे तो थोड्याच काळात वर येतो. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार उपासकाने करू नयेत असेही सांगितले आहे. लोकर आणि दोरा त्यांत नाही. उलट तो अंग झाकतो, ऊब देतो. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात, आणि चौथा संकटकाळासाठी राखून. मी दुकानात बिस्किटांचे चार रिकामे डबे ठेवले. रोज रात्री गल्ला मोजून त्याप्रमाणे वाटणी. बायका हसत. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकान बंद झाले, तेव्हा चौथ्या डब्याने गाळ्याचे भाडे दिले आणि कोणापुढे हात पसरावा लागला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेजारच्या दुकानांत वह्या पूजल्या जातात; त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. आमच्याकडे वही पूजत नाहीत, रोज लिहितात.

आणि २०२४ चा डिसेंबर. परभणीकरांना त्याची आठवण करून द्यायला नको. १० डिसेंबरला रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. लोकरीचा तो ऐन महिना, पण दुकान उघडायला हात उठत नव्हता. तेव्हा मला आपली जागा किती अवघड आहे हे कळले. बाजारातले काही मला म्हणत, "तुमची माणसं." वस्तीतले काही म्हणत, "तुमचा बाजार." दोन्हीकडची मी, आणि दोन्हीकडे परकी. ज्याच्या दुकानाची काच फुटली त्या शेजाऱ्याकडे मी झाडू घेऊन गेले, आणि त्याच संध्याकाळी वस्तीत ज्या आईचा मुलगा पकडून नेला होता तिच्याजवळ जाऊन बसले. त्या शेजाऱ्याने काचा गोळा करता करता विचारले, "त्या पोराचं नेमकं काय झालं हो ताई?" मी जे ठाऊक होते ते सांगितले. तो गप्प राहून ऐकत होता. बाजारात आपले दुकान नसते तर हा प्रश्न त्याने कोणाला विचारला असता? विचारलाच नसता. संविधानाने दिलेला हक्क जसा न्यायालयात लागतो तसा तो बाजारातही वापरात राहावा लागतो, कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क हाही त्यातलाच एक आहे.

दुःख सांगितले, आता सुखही सांगते. बुद्धपौर्णिमेच्या आधी पंचरंगी धम्मध्वजाच्या झालरींसाठी बायका निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी असे पाच दोरे एकदम मागतात; तेव्हा फळीवर ते पाच रंग शेजारी शेजारी ठेवताना मन भरून येते. चौदा एप्रिलसाठी निळी लोकर, चौदा ऑक्टोबरसाठी पांढरा क्रोशा. एकीने अशोकचक्राचे तोरण विणले, त्यात चोवीस आरे बरोबर बसवायला तिला तीनदा उसवावे लागले. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर मी मुलींना विणकाम शिकवते, शुल्क नाही, फक्त लोकर त्यांनी आणायची. या वर्गातली एक विधवा भगिनी आता शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर घेते आणि दोघींना काम देते.

त्या मुलींना मी धम्मपद अट्ठकथेतली आळवी नगरीतल्या विणकराच्या मुलीची गोष्ट सांगते. तथागत नगरीत आलेले, सारे लोक जमलेले, पण या मुलीला बापाने कांड्या भरून आणायला सांगितलेले. तिने काम टाकले नाही. कांड्या भरल्या आणि टोपली घेऊन वाटेत सभेच्या कडेला येऊन उभी राहिली. तोवर तथागत काही न बोलता थांबून राहिले होते, कारण ते तिच्यासाठीच आले होते. सोळा वर्षांची, कष्टकरी घरची, हातात सुताची टोपली असलेली पोर. तिच्यासाठी अख्खी सभा थांबवली गेली. ही गोष्ट ऐकली की मुलींच्या सुया थांबतात.

ज्या भगिनींना असे काही सुरू करावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दुकान लहान असेल, कामगार मोजकेच असतील, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत असते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एप्रिल २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते, तारण लागत नाही. मी पुढे ते घेऊन फेडले. महात्मा फुले महामंडळाचे जिल्हा कार्यालय आहेच, तेथे स्वतः जावे, दलालामार्फत नव्हे. मालाबाबत : लोकरीच्या पट्टीवर रंगाबरोबर लॉट नंबर असतो. एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची द्यावी, नाहीतर बाही एका छटेची आणि पाठ दुसऱ्या छटेची होते आणि दोष दुकानदाराला येतो. लहान बाळाला शंभर ग्रॅम, मोठ्या माणसाला चारशे ते पाचशे ग्रॅम लोकर पुरते. गिऱ्हाइकाला जास्त गळ्यात मारू नये. उरलेला न फोडलेला गुंडा परत घ्यावा. हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आणि माझी निम्मी जाहिरात त्यानेच केली.

अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपयांवर राबल्या, पुढे बुडीत कमानी ट्यूब्स कंपनी त्यांनी उभी केली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००५ पासून पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना काम करते. ही नावे अभिमानाची आहेत. पण प्रत्येकीने कारखानाच काढला पाहिजे असे नाही. दर गावाच्या बाजारात आपली दोन-चार साधी दुकाने असावीत : किराण्याचे, वह्या-पुस्तकांचे, शिलाईचे, दोऱ्याचे. तिथे तसबीर समोर असावी, वजन चोख असावे, आणि उरलेले पैसे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावेत, मग ते गिऱ्हाईक कोणत्याही जातीचे, धर्माचे असो. माझी आई आता थकली आहे. कापसात जात नाही. कधीमधी दुकानात येऊन बसते, गुंडे रंगाप्रमाणे लावते आणि कोणी भाव विचारला तर माझ्याकडे न पाहता स्वतः सांगते.

जयभीम! नमो बुद्धाय!